ओल्यात घातलेला नांगर

हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस थांबला की आमच्याकडे दोन-तीन दिवस असे येतात की त्यांना नावच नाही. पावसाळा गेलेला नसतो आणि थंडी आलेली नसते. सकाळी अंगणात उभं राहिलं तर जमिनीतून वाफ निघते, दुपारी पाठ भाजते, आणि संध्याकाळी नाल्याकडून येणाऱ्या वाऱ्याला निसवलेल्या धानाचा कोवळा, दुधासारखा वास असतो. बांध्यांमधलं, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमधलं, धान लोंब्यांनी जड होऊन एका अंगाला कललेलं असतं. जंगलाच्या कडेला सीताफळांचे डोळे उघडायला लागतात. शेजारच्या पोरी भुलाबाईची गाणी घोकत असतात. वर्षातले हे दिवस मला फार आवडतात. आणि ह्याच दिवसांत मला एक जुनी सकाळ आठवते. सात वर्षं झाली, तरी आठवते.

ह्या वर्षीही पाऊस परवा रात्रभर पडला आणि काल थांबला. आज सकाळी गोठ्यात शेण काढत होते तर खालच्या वावराकडून कन्हाराचा वास आला. मी टोपली तशीच ठेवली आणि वावराकडे निघाले.

कन्हार म्हणजे काळी, जड, चिकट माती. आमच्या गावात ती थोडी. गावाची बहुतेक जमीन मोरंडीची, म्हणजे जराशी पिवळसर आणि हलकी, तिच्यात बांध्या करून धान होतं. कन्हार फक्त नाल्याच्या काठाने आहे, आणि त्यातला दीड-दोन एकराचा तुकडा आमचा. घरात त्याला खालचं वावर म्हणतात. धानाने पोट भरतं, पण भाकरीची ज्वारी, तेलाचं जवस, सणासुदीचा हरभरा हे सगळं खालच्या वावरातून यायचं. पावसाळाभर ते मोकळं ठेवायचं, उघाड मिळाली की वखर फिरवून गवत कापायचं, आणि हत्तीचा पाऊस संपला की हिवाळ्याचं पीक पेरायचं, अशी रीत.

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी तिथली झुडपं काढून ते वावर केलं. मामाजींनी त्याच्यावर उभा जन्म वखर फिरवला. वखराला खाली एक रुंद लोखंडी पास असते. ती मातीत चार बोटं जाते, गवताची मुळं कापते, वरची माती मोकळी करते, पण खालची माती वर आणत नाही. कन्हारात नांगर घालायचा तो पाच-सात वर्षांतून एकदा, तोही भर उन्हाळ्यात, माती कोरडी ठाक असताना, आणि तोही लाकडाचा. मामाजी म्हणत, "कन्हार हे वळतं माणूस नोहे. त्याले त्याच्या जागी राहू द्या लागते."

मी लग्न होऊन आले तेव्हा मला मातीचं काहीच माहीत नव्हतं. माझ्या माहेरी धानाशिवाय दुसरं पीक नव्हतं, आणि मी चौथीपर्यंत शाळेत होते. शाळेत नद्या पाठ केल्या, डोंगर पाठ केले. माती कुणी शिकवली नाही. ती मला निंदणीने शिकवली. बायका वावरात उकिडव्या बसून पुढे सरकतात तेव्हा माती नाकापासून हातभर असते. दिवसभर दुसरं काही दिसतच नाही. कोणत्या कोपऱ्यात ती लवकर सुकते, कुठे गवताचं मूळ सुखासुखी येतं आणि कुठे तुटतं, हे हातांना आपोआप कळायला लागतं. तेव्हाचं खालचं वावर मला आठवतं. वरची पापडी बोटाने उचलली की खाली सगळी माती कण्यांची. ज्वारी भरडून कण्या काढाव्यात तशी, कुठे मोठी कणी, कुठे बारीक, आणि मधे पोकळ जागा. मुठीत धरली तर भरल्यासारखी वाटे आणि सोडली तर सांडून जाई. त्या पोकळ जागांतून पाणी खाली उतरायचं, मुळ्या उतरायच्या, गांडुळं ये-जा करायची. मला ते फार दिवसांनी समजलं. तेव्हा एवढंच वाटायचं की ह्या मातीत हात घातला की बरं वाटतं.

आणि माती ओली आहे की पेरणीजोगी झाली, हे बघायची रीतही मी तिथेच बघून शिकले. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा, आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वखर घाला. तसाच राहिला तर घरी जा.

मी बोलत नाही. लहानपणापासून नाही. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. सासरी त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचंच नाही हा आमच्या घरचा रिवाज. काही सांगायचं झालं तर अंगणात वासरू बांधलेलं असे, त्याला सांगायचं. "वासरा, चहा झाला." "वासरा, मीठ संपलं." मामाजी ओसरीवरून ऐकत आणि वासराकडे बघूनच उत्तर देत, "सांग त्याले, बाजाराच्या दिवशी आणतो." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर हसून लोळला असता. आम्हाला ते सवयीचं झालं होतं. मला तर तो मोठाच आधार होता.

त्या वर्षी आमच्या भागात एक लोखंडी नांगर आला. एकच नांगर, आणि चार-पाच गावं. प्रत्येक गावाला काही दिवस, आणि गावात प्रत्येक घराला एक दिवस, अशी पाळी लावलेली होती. ज्याची पाळी चुकली त्याने पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. नांगर बैलगाडीतून गावात आला तेव्हा लोक बघायला गेले होते. हेही गेले, म्हणजे आमच्या घरचे. परत आले तेव्हा डोळ्यांत लहान पोराचं हसू होतं. "एवढं मोठं पातं," त्यांनी दोन्ही हात लांब करून मला दाखवलं. "माती आख्खी उलथी करते. खालची वर, वरची खाली. नवी माती निघन तं नवं पीक निघन." यांनी त्याच संध्याकाळी आपलं नाव लावलं.

आमची पाळी आली ती हत्तीचा मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी सकाळची भाकरी घेऊन खालच्या वावरात गेले. वावरात नांगर उभा होता, काळा, चकचकीत, आणि त्याच्याजवळ शेजारच्या गावचा दादाजी. त्याच्या गावाची पाळी आमच्यानंतरची, म्हणून तो नांगर न्यायला एक दिवस आधीच येऊन बसला होता. बांधावर गावातले आणखी चार-सहा जण कौतुक बघायला उभे होते. हे बैलांच्या खांद्यावर हात ठेवून आभाळाकडे बघत होते.

"काय जी भाऊ," दादाजी म्हणाला, "घालाचा हाये का नाई? उद्या सकाळी मले हा नेवाच लागते. तिकडं सात घरं रांग लावून बसले हायेत."

"घालतो नं. काऊन नाई घालत?"

"नाई, म्हनलं, का अजून आजोबाच्या लाकडानंच खाजवत बसाची हाये जमीन?"

बांधावरचे सगळे हसले. हेही हसले, पण यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांच्यातच उभे असलेले मामाजी दोन पावलं वावरात गेले, थांबले, परत आले, बांधाच्या दगडावर पायाची माती घासली आणि खाली बसले.

मी भाकरीचं टोपलं ठेवायच्या निमित्ताने वाकले आणि मूठभर माती उचलली. पदराच्या आत दाबली. लाडू झाला. उभी राहिले आणि हात सोडला. लाडू पायाशी पडला, जरासा चपटा झाला आणि तसाच राहिला. त्याच्यावर माझ्या चारही बोटांचे वळ होते.

मला कळलं. अगदी स्वच्छ कळलं, जसं कणकेत पाणी जास्त पडलं की परातीत हात फिरायच्या आधी कळतं. आज घालू नका, एवढे तीन शब्द होते. पण तिथे अंगण नव्हतं आणि वासरू नव्हतं. दोन बैल होते, आणि परका माणूस होता, आणि हसणारे लोक होते. नांगर हे तर आमच्याकडे बाईचं कामच नाही. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो, असं मानतात. हात नाही लावायचा तर त्याच्याबद्दल बोलायचं कसं? मी पदर ओढून घेतला आणि टोपल्यावरचं फडकं नीट करत राहिले. ते फडकं आधीच नीट होतं.

नांगर चालला. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली चर, पडलं तेव्हा बांधावरून आवाज आला, "पाहा, पाहा, कसं लोणी कापून राह्यलं!" खरोखरच लोण्यासारखंच होतं. मातीच्या लांबच लांब वड्या पालथ्या पडत होत्या, आणि पात्याने कापलेल्या बाजूने त्या चकाकत होत्या, ओलं चामडं चकाकतं तशा. त्यात कणी कुठेच नव्हती. सगळी लिंपल्यासारखी. बगळे येऊन तासामागे चालायला लागले आणि उघडी पडलेली गांडुळं एकेक करून उचलायला लागले. संध्याकाळपर्यंत पूर्ण वावर काळं, चमकदार, उलटं झालं. दादाजीने पाठीवर थाप मारली. हे त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

मग ऊन पडलं. आश्विनातलं ऊन कसं असतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. चार दिवसांत त्या वड्या राखाडी झाल्या, आठ दिवसांत पांढुरक्या, आणि दहाव्या दिवशी त्यांचे दगड झाले. डोक्याएवढे, घागरीएवढे दगड. वखर घातला तर त्यांच्यावरून घसरत, उड्या मारत जायचा. तेव्हा ढेकळं फोडायला आम्हा बायकांना बोलावलं. नांगर बाईचा नाही, पण ढेकळं बाईची.

माझ्यासोबत जंगूबाई होती. ती नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, कामाला आली की दिवसभर बोलणार आणि दिवसभर हसवणार. लाकडी मोगरी उचलून ढेकळावर घातली की मोगरी उसळून वर यायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिण करायचा.

"बाई, हे ढेकूळ हाये का तुमच्या घरच्या मानसाचं डोक्सं?" जंगूबाई म्हणाली.

"हळू बोल. मामाजी बांधावर हायेत."

"मंग त्यायचंच असन. इतकं जुनं हाये, फुटतच नाई."

मला हसू आलं आणि हसताना रडू आलं. तिने ते बघितलं आणि काही न विचारता माझ्या वाटची दोन ढेकळं फोडली.

पेरलं. बी ढेकळांच्या मधे पडलं, काही उगवलं, काही तसंच सुकलं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि थांबली. पौषात मी तिचं एक धाट उपटून बघितलं. मूळ वीतभर सरळ खाली गेलं होतं आणि मग कोपरातून हात मोडावा तसं आडवं वळलं होतं. दुसरं उपटलं, तेही तसंच. मी खुरप्याने तिथे उकरलं. वीतभर खाली नांगराचा तळ जिथून घासत गेला होता तिथे मातीची एक घट्ट, गुळगुळीत पाटी तयार झाली होती. खुरपं तिच्यावर टण्ण वाजलं. वर ढेकळं आणि खाली ही पाटी. मुळ्या बिचाऱ्या जाणार कुठे?

त्या वर्षी ज्वारीची ढोली अर्धीसुद्धा भरली नाही. जवस तर झालंच नाही. जंगूबाईने मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणून दिलं, त्यात आम्ही भाज्या केल्या. घरात कुणी कुणाला बोललं नाही. तेच वाईट होतं. मामाजींनी एकदा जरी यांना शिव्या घातल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी खालच्या वावराकडे जाणं सोडलं. सकाळी उठून त्या बाजूला पाठ करून ओसरीवर बसायचे. साठी उलटलेली होती. ज्या मातीवर त्यांचा जन्म गेला ती त्यांच्या डोळ्यांदेखत दगड झाली होती, आणि ती परत माती होईल तोवर ते असतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. मी चहा नेऊन ठेवायचे. वासराला सांगायचे, चहा झाला. वासराच्या पुढे आणखी एक वाक्य माझ्या तोंडात असायचं. 'मले मालूम होतं', एवढंच. ते कधी बाहेर आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या वावरात पाणी उभं राहिलं. आधी कधी राहत नसे. वर गुडघाभर चिखल आणि खाली दगड, आणि जास्तीचं पाणी काळं होऊन नाल्यात जात होतं. आमची माती नाल्याने पुढे कुठल्या गावाला गेली कोण जाणे. हे चिडले होते. स्वतःवरच चिडले होते खरं तर. "यंदा पुन्हा नांगर आला की आनखी खोल घालतो. ती पाटी फोडूनच टाकतो," म्हणाले.

त्यावर मामाजी वर्षभरात पहिल्यांदा त्या वावराबद्दल बोलले. "आता हात लावू नोको," एवढंच.

जंगूबाईला मी विचारलं. तिच्या लोकांची डोंगरावर पूर्वी शेती असायची, नांगराशिवायची. झुडपं तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत कोसरा, म्हणजे एक बारीक धान्य, फेकायचा, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग ती जागा सोडून द्यायची, पुन्हा झुडपं माणसाएवढी होईपर्यंत. आता जंगलवाले करू देत नाहीत.

"सोडून दिलं तं आपोआप चांगली होते?" मी विचारलं.

"आपोआप काऊन? गवत करते, उधई करते, पालापाचोळा करते, मुंग्या करतेत. लगित जन कामाले असते बाई, फक्त मानूस नसते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची माती जलमभर सासरी नांदते. तिले कधी माहेरी धाडलं का?"

दोन एकर सोडून देणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पण तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. त्याच सुमारास बांधाजवळ, नांगर जिथून वळला होता तिथे, आपोआप उगवलेलं तुरीचं एक झाड मी बघितलं. आजूबाजूची ज्वारी खुरटलेली आणि हे झाड माझ्या खांद्याएवढं. शेंगा झाल्यावर ते उपटायला गेले तर निघेना. चारी बाजूंनी खणलं. त्याचं मूळ त्या पाटीपाशी जरा थांबलं होतं, जाड झालं होतं, आणि मग सळईसारखं सरळ आरपार गेलं होतं.

त्या संध्याकाळी चुलीपाशी मी यांना म्हटलं, "तूर लावून पाहावं का दोन वर्सं? अन् वर फक्त वखर." हे भाकरी मोडत राहिले. तीन दिवसांनी ओसरीवर मामाजींना सांगताना मी आतून ऐकलं, "बाबा, म्या असा इचार करून राह्यलो का खालच्या वावरात तूर लावावं." म्या असा इचार करून राह्यलो! मी आत पदर तोंडाला लावून हसले. चाललं. तूर तर लागली.

मातीची वर्षं माणसांच्या वर्षांसारखी मोजता येत नाहीत. दोन वर्षं काहीच दिसलं नाही. उन्हाळ्यात कन्हाराला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. एरवी त्या भेगा बघून मला वाईट वाटायचं, पण आता कळलं की ते तिचं अंग मोकळं करणं आहे. वाळून तडकायचं, वरचा बारीक चुरा त्या भेगांत पडायचा, पावसात फुगून मिटायचं, पुन्हा तडकायचं. दरवर्षी ढेकळं थोडी थोडी आपोआप फुटत. मोगरीने जे फुटलं नाही ते ऊनपाण्याने फुटलं. आम्ही काय केलं? ऐनाचा आणि पळसाचा पाला आणून टाकला, शेणखत टाकलं, तुरीच्या खोडक्या उपटल्या नाहीत, वरच्यावर कापल्या. मुळ्या तशाच आत सडू दिल्या. तिसऱ्या वर्षी ज्वारी पेरली तेव्हा एक धाट उपटलं. त्याचं मूळ जुन्या तुरीच्या मुळाच्या पोकळ वाटेने खाली गेलेलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही. बराच वेळ हातात धरून बसले फक्त.

चौथ्या वर्षी जवस फुललं. निळं निळं, सकाळपुरतं. पाचव्या वर्षी पावसाच्या उघाडीत वावरात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक ढिगल्या दिसल्या, शेवया पाडल्यासारख्या. बगळ्यांनी उचलली होती ती नव्हेत, ही त्यांची पुढची पिढी. सहाव्या वर्षी निंदताना पापडी उचलली तर खाली कण्या होत्या. वरची चार बोटंच, पण होत्या.

ह्या सात वर्षांत मामाजींची नजर गेली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग दिवसाचंही अंधुक. मोतीबिंदू असावा. चांद्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर म्हणतात, काय पाहाचं राह्यलं हाये आता. पण गेल्या वर्षापासून ते पुन्हा खालच्या वावराकडे जायला लागले. काठीने, पाय चाचपत. जाऊन त्या बांधावर बसतात.

आज सकाळी वास आला म्हणून मी टोपली टाकून निघाले. वावरात गेले आणि थबकले. परवा रात्रभर एवढा पाऊस होऊन कुठेही पाणी उभं नव्हतं. वरची माती काळी, ओली, पण चमकत नव्हती. सगळं पाणी ती पिऊन गेली होती.

बांधावर मामाजी बसलेले होते. माझ्या बांगड्यांचा आवाज झाला तसा त्यांनी चेहरा फिरवला. "कोन हाये?"

इथे वासरू नव्हतं. त्या आंधळ्या डोळ्यांसमोर मी आणखी कुणाला सांगणार होते?

"मी," म्हणाले.

"हाव का. बाई, पानी उभं हाये का वावरात?"

"नाई जी. सारं जिरलं."

त्यांनी मान हलवली. तळहातावर तंबाखू मळत होते. नाल्यापलीकडून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मला कळलं नाही कसं, पण ते वाक्य, जे सात वर्षं तोंडात होतं, ते बाहेर पडलं.

"मामाजी, त्या दिवशी मले मालूम होतं. माती ओली होती. म्या लाडू करून पाह्यला होता. बोलली नाई."

तंबाखू मळणारं बोट थांबलं. आता काय बोलतात म्हणून मी खाली बघत राहिले.

"मलेबी मालूम होतं," मामाजी म्हणाले.

मी वर बघितलं.

"दोन पावलं गेलो आन् पायाले चिकटली नं ती. पन पोराचं तोंड पाह्यलं. इतका खुश होता. आन् तो दादाजी बसला होता दात काढून. म्हनलं, एका दिवसानं काय होते?" त्यांनी तंबाखू ओठात धरली. "आन् तुह्या नवऱ्याले मालूम नव्हतं असं समजतं का तू? नांगर धरनाऱ्याच्या हाताले तं सगळ्यायच्या आंधी समजते. तिघांयलेबी मालूम होतं बाई. बोललं कोनीच नाई."

ओझं उतरलं, असं मी लिहीन तर ते खरं नाही. उलट क्षणभर राग आला. सात वर्षं मी एकटीने जे उचललं ते तीन माणसांचं होतं, आणि तिघंही एकाच चुलीवरची भाकरी खात होतो. मग राग गेला. इतकी वर्षं ओसरीवर पाठ करून बसलेला तो म्हातारा मला दिसला. पुन्हा खोल नांगर घालतो म्हणून चिडलेले हेही दिसले. ते माझ्यावर नव्हते चिडले, वावरावरही नव्हते.

तेवढ्यात हे बैल घेऊन आले. मागे वखर, आणि सोबत पलीकडच्या वावराचे दोघं भाऊ, बोलत बोलत आलेले. त्यांच्या वावरात वखर चालू झाला होता. "चला, उशीर झाला," एकजण म्हणत होता, "आमचं अर्धं झालंबी."

यांनी बांधाशी बैल थांबवले. "बाबा, घालू का आज?"

"मले काय इचारतं? मले दिसते का?" मामाजी म्हणाले. "तिले इचार."

ते दोघं भाऊ माझ्याकडे बघायला लागले. हेही बघायला लागले. माझी जीभ नेहमीसारखी टाळूला चिकटली. पदराकडे हात गेला. मी वाकले, पापडी उचलली, खालच्या मातीत बोटं घातली. वर मोकळी वाटत होती, खाली अजून बोटांना धरून राहत होती.

"आज नाई," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "परवा. मी पाहून सांगीन."

कुणीतरी हसलं. यांचे कान लाल झाले. ह्या खेपेलाही मला ते दिसले. हे माझ्याकडे नाही, वावराकडे बघत होते. मग त्यांनी बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं.